खोताच्या वाडीतून गावाकडे : सरकारी धोरणात आपलं म्हणणं घालायचं तर तरुणांनी नेमकं काय करायचं?

मुंबईतल्या गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ रस्ता आणि विठ्ठलभाई पटेल रस्ता यांच्या मधोमध एक वस्ती आहे. नाव खोताची वाडी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या, लाकडी जिने, पुढे पडवी, वर कौलं. कोकणातला माणूस तिथे गेला तर त्याला आपल्याच गावच्या एखाद्या वाडीत आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की मान वर केली की चारही बाजूंनी टॉवर दिसतात.

ही वाडी मुंबईत असली तरी तिची गोष्ट आपल्या गावांना लागू पडते. जे प्रश्न खोताच्या वाडीपुढे तीस-चाळीस वर्षं उभे आहेत, तेच आता उरण, पनवेल, पेणच्या गावठाणांपुढे आणि किनारपट्टीच्या गावांपुढे येऊन ठेपले आहेत. जमीन कुणाची, घर कुणाचं, नकाशा कोण काढणार आणि त्या नकाशावर आपलं घर कुठल्या रंगात दिसणार? याला सरकारी भाषेत 'नियोजन' म्हणतात. त्या नियोजनात तरुणांनी बोलायचं कसं, कुठे आणि कधी, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

खोताची वाडी म्हणजे काय?

खोत हा शब्द कोकणाला नवा नाही. सरकारसाठी शेतसारा गोळा करणारा आणि त्या जोरावर गावाचा मालक होऊन बसलेला तो खोत. मुंबईतली ही वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका पाठारे प्रभू खोताने वसवली असं सांगितलं जातं. त्याने जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसई-ठाणे पट्ट्यातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. त्यांनी पोर्तुगीज वळणाची दुमजली घरं बांधली. समोर उघडा व्हरांडा, मागे अंगण, वरच्या मजल्यावर जायला बाहेरून जिना. शेजारी हिंदू कुटुंबंही राहिली. अनंताश्रम ही माशांच्या जेवणासाठी नावाजलेली खानावळ याच वाडीत होती, ती आता बंद झाली. मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली ज्या केशवजी नाईक चाळीत बसला, तीही इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

वाडीत एकेकाळी ६५ घरं होती असं सांगतात. आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. बाकीची पाडली गेली, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या.

आता कुणी म्हणेल, जुनी घरं पडणारच, त्यात विकासाचा काय संबंध? संबंध आहे. ही घरं बांधली तेव्हा पंखे नव्हते, एसी नव्हते. तरी ती थंड राहायची, कारण व्हरांड्याची सावली भिंतीवर पडायची आणि मागच्या अंगणातून वारा आरपार जायचा. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०५० पर्यंत शहराचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलं आणि वाढती उष्णता हा मोठा धोका मानला. एकीकडे उष्णता कमी करण्याचा आराखडा आणि दुसरीकडे उष्णतेला तोंड देणारी घरं पाडायची, या दोन गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी चालू आहेत. शाश्वत विकासाचा प्रश्न म्हणतात तो हाच.

शाश्वत विकास : सोप्या भाषेत

बियाण्याचं पोतं घरात असतं. उपासमार आली तरी शहाणा शेतकरी ते पोतं दळायला काढत नाही, कारण पुढच्या वर्षी पेरायचं काय? आजची गरज भागवायची, पण पुढच्या पिढीचं बियाणं खायचं नाही, एवढाच शाश्वत विकासाचा अर्थ आहे.

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये यासाठी १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरवली, भारतानेही ती मान्य केली. त्यातलं ११ वं उद्दिष्ट शहरं आणि वस्त्यांबद्दल आहे. वस्तीच्या नियोजनात लोकांचा सहभाग हवा आणि सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा जपला पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने या १७ उद्दिष्टांचे गावासाठी ९ विषय केले : गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, पाणीदार गाव, स्वच्छ व हिरवं गाव वगैरे. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा या विषयांना धरूनच करायचा असतो. म्हणजे न्यूयॉर्कला ठरलेली गोष्ट आपल्या ग्रामपंचायतीच्या कागदावर येऊन पोहोचली आहे. ती कागदावरून खाली उतरत नाही, कारण ती मागणारं कुणी नसतं.

यादीत नाव आलं, मग घरं का पडली?

मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियम केले. असे नियम करणारं ते देशातलं पहिलं शहर. वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिली देशपातळीवर महत्त्वाची, दुसरी शहराच्या दृष्टीने मोठी, तिसरी स्थानिक महत्त्वाची. एकट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरालाही वारसा म्हणून मान्यता देता येते. खोताची वाडी अशा वारसा परिसरांत मोडते. अशा ठिकाणी मोठा बदल करायचा तर वारसा समितीचं मत घ्यावं लागतं.

एवढं असूनही घरं कमी का झाली? कारणं साधी आहेत.

पहिलं कारण पैसा. लाकडी घराला दर काही वर्षांनी डागडुजी लागते. वाळवी लागते, वासे कुजतात, कौलं बदलावी लागतात. जुन्या पद्धतीचा सुतार मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. घर जपा असं नियम सांगतो, पण जपायचा खर्च मालकाच्याच डोक्यावर.

दुसरं कारण वाटणी. एका घराचे दहा वारस. त्यातले चार परदेशी, तीन वसईला, दोघांना पैशाची गरज. सातबाऱ्यावर पंधरा नावं असलेल्या शेताचं जे होतं, तेच या घरांचं झालं.

तिसरं कारण भाव. दक्षिण मुंबईत जमिनीला जो भाव आहे, त्यापुढे दुमजली घर म्हणजे वाया घालवलेली जागा वाटते. वारसा इमारतीच्या मालकाला जे बांधकाम करता येत नाही, त्याचा हक्क दुसरीकडे विकता यावा अशी तरतूद नियमांत आहे. त्याला टीडीआर म्हणतात. पण कागदपत्रं पुरी करून तो हक्क पदरात पाडून घेणं सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातलं नसतं.

तरीही जे टिकलं ते लोकांनी धरून ठेवलं म्हणून टिकलं. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांच्यासारखे रहिवासी वर्षानुवर्षं वाडीसाठी बोलत आले. २०२२ मध्ये वाडीतल्या एका जुन्या घरात '४७-ए' नावाचं कलादालन सुरू झालं. घर न पाडता त्याला नवा उपयोग दिला, लोकांची ये-जा वाढली. मुलं नाताळात वाडी सजवतात, बाहेरचे लोक बघायला येतात. ज्या जागेकडे लोकांचं लक्ष असतं, ती गुपचूप पाडणं अवघड जातं.

आपल्यासाठी धडा असा की नुसती बंदी मागून भागत नाही. 'हे करू नका' म्हणताना 'मग याचा खर्च कोण देणार आणि मालकाने पोट कशावर भरायचं' याचंही उत्तर मागणीत असलं पाहिजे. जंगल वाचवा, खारफुटी वाचवा, गावठाण वाचवा, कुठलीही मागणी असो, हा हिशेब चुकला की मागणी कमजोर पडते.

खोताचंच उदाहरण : मागणीचा कायदा कसा होतो?

सरकारी धोरण बदलता येतं यावर विश्वास बसत नसेल, तर रायगड जिल्ह्याने स्वतःचा इतिहास आठवावा. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात ऑक्टोबर १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील पुढे होते. २५ गावांतल्या कुळांनी जमीन कसायचं बंद केलं. शेतं पडीक राहिली, घरात दाणा नाही, तरी माणसं मागे हटली नाहीत. हा संप जवळपास सहा वर्षं चालला.

पण नुसता संप करून ते थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९३९ मध्ये कूळ कायदा आला आणि कुळांना संरक्षण मिळायला सुरुवात झाली. खोती मुळातून उपटणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. विधेयक मांडल्यापासून १२ वर्षांनी.

या लढ्यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. गावात एकी, सभागृहात कागद आणि रस्त्यावर माणसं. यातली एक जरी कमी असती तरी गाडं अडलं असतं. आजच्या तरुणांची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीवर अडते. माणसं जमतात, घोषणा होतात, व्हिडिओ फिरतात, पण कागद कुणी लिहीत नाही.

मसुदा हीच खरी वेळ

कुठलंही धोरण एका दिवसात होत नाही. आधी मसुदा निघतो. तो राजपत्रात, वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळावर जाहीर होतो. 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' असं त्यात लिहिलेलं असतं आणि एक मुदत दिलेली असते. मुदत संपली की सुनावणी होते, मग मसुदा अंतिम होतो. वापसा असताना पेरणी झाली तर पीक येतं. मसुद्याची मुदत हा धोरणाचा वापसा. तो निघून गेला की मग कोर्ट, आंदोलन, धावपळ. खर्च दहापट आणि खात्री कशाचीच नाही.

याची तीन उदाहरणं बघण्यासारखी आहेत.

पहिलं मुंबईचं. महापालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. नकाशात चुकाच चुका होत्या. रहिवासी संघटना, वास्तुविशारद, कॉलेजची मुलं, 'युवा'सारख्या १९८४ पासून काम करणाऱ्या संस्था कामाला लागल्या. वस्ती-वस्तीत नकाशे नेऊन लोकांना समजावले. ६० हजारांहून जास्त हरकती गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने दुरुस्त करायला सांगितलं. दुरुस्त आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. लोकांनी दिलेल्या हरकतींनी एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा थांबवला.

दुसरं देशाचं. मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. खाण, धरण, कारखाना यांना परवानगी देताना पर्यावरणाचा विचार कसा करायचा, लोकांची सुनावणी कधी घ्यायची, हे ठरवणारा तो नियम. लॉकडाऊन चालू होता. देशभरातल्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी घरात बसून तो मसुदा वाचला, सोप्या भाषेत समजावला आणि लोकांना ईमेल पाठवायला लावले. त्यातल्या काही गटांची संकेतस्थळं मध्यंतरी बंदही पडली. तरी लाखांनी हरकती गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेतल्या २२ भाषांत उपलब्ध करायला सांगितलं. म्हणजे ज्याच्या गावात खाण येणार, त्याला ती कागदपत्रं त्याच्या भाषेत मिळाली पाहिजेत, हा मुद्दा न्यायालयाने उचलून धरला.

तिसरं उदाहरण उशिराचं. आरेच्या जंगलात मेट्रो ३ ची कारशेड होणार होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झाडांवर करवत चालायला लागली, तेव्हा कॉलेजची मुलं धावली. अनेकांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला झाडं तोडणं थांबवायला सांगितलं. पत्राची ताकद दिसली खरी, पण तोवर दोन हजारांवर झाडं पडून गेली होती. पुढे कारशेडची जागा बदलली, पुन्हा आरेतच आली. हीच मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. तिचं गिरगाव स्थानक खोताच्या वाडीपासून जवळच आहे आणि तिच्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या.

मेट्रो वाईट असं कुणी म्हणणार नाही. गाड्यांचा धूर कमी होतो, माणसांचा वेळ वाचतो. पण चांगल्या कामातही कुणाची झाडं जातात, कुणाचं घर जातं. ते कुणाचं जावं, किती जावं आणि बदल्यात काय मिळावं, हे ठरताना आपण हजर असायला पाहिजे.

गावाकडे काय चाललंय?

आता आपल्या दारात बघू. ४ मार्च २०२४ रोजी राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्याची प्रारूप अधिसूचना काढली. क्षेत्र साधारण ३२३ चौरस किलोमीटर. हजारो शेतकऱ्यांनी हरकती दिल्या. तरी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी एमएमआरडीएची नेमणूक झालीच.

यावरून 'हरकती देऊन काही होत नाही' असा अर्थ काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. प्राधिकरण नेमलं म्हणजे पहिला टप्पा झाला. त्यानंतर आराखडा यायचा असतो, जमीन कशी घेणार ते ठरायचं असतं, गावठाणाची हद्द, शेतीचा पट्टा, मिठागरं, खाडी यांचं काय ते यायचं असतं. प्रत्येक टप्प्यावर कागद निघतो आणि पुढच्या टप्प्यांवरही बोलता येतं. पहिल्या हरकतीला नकार आला म्हणून जो घरी बसतो, त्याच्या शेतातून रस्ता जातो.

सह्याद्रीच्या बाजूला दुसरी गोष्ट चालू आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला. निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावेत हा त्यांचा आग्रह. पण गावागावांत तो अहवाल पोहोचण्याआधी अफवा पोहोचल्या. घर बांधता येणार नाही, गुरं पाळता येणार नाहीत, असं सांगितलं गेलं. अहवाल वाचलेला माणूस गावात नव्हता, म्हणून खरं-खोटं करणारं कुणी नव्हतं. केंद्राने संवेदनशील क्षेत्राची सहावी प्रारूप अधिसूचना ३१ जुलै २०२४ रोजी काढली. त्यात महाराष्ट्राचं क्षेत्र १७,३४० चौरस किलोमीटर आहे. हरकतींसाठी ६० दिवस होते. किती गावांत ग्रामसभेने तो मसुदा वाचून ठराव केला, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारून बघावं.

ग्रामसभेचा ठराव मुंबईपर्यंत जातो का?

जातो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. स्त्री-पुरुष समानता हेही त्या १७ उद्दिष्टांपैकीच एक. एका गावाचा कागद राज्याचं धोरण झाला.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत जंगलावरचा सामूहिक हक्क मागितला आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मिळवला. गावात अभ्यासगट चालतो. माणसं बसतात, कायदा वाचतात, एकमेकांना समजावतात आणि सगळ्यांचं एकमत झाल्यावरच ठरवतात. नेतृत्व म्हणजे माईक हातात घेणं अशी समजूत असलेल्यांनी या गावाकडे बघावं.

तरुणांनी करायची कामं

राष्ट्रीय युवा धोरण २०१४ प्रमाणे १५ ते २९ वयाची व्यक्ती म्हणजे युवा. १८ वर्षं पुरी झाली की ग्रामसभेत मत, २१ झाली की पंचायतीची निवडणूक लढवता येते. पण पद नसलं तरी पुढची कामं कुणालाही करता येतात.

१. ग्रामसभेला जाणं. वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांत जो आकडा कमी असेल तो. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पोरं पहिल्या सभेला आली नाहीत, तर दुसऱ्या सभेत मोजकी माणसं सगळ्या गावाचं ठरवून मोकळी होतात.

२. विषय आधी द्यायचा. सभेत ऐनवेळी ओरडण्यापेक्षा ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. विषयपत्रिकेवर आलेला विषय टाळणं अवघड जातं. ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्यावी.

३. माहिती मागवायची. माहितीचा अधिकार कायदा २००५. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्ज मराठीत चालतो. 'का केलं' असं विचारू नये, 'अमुक कागदाची प्रत द्या' असं लिहावं.

४. मोजदाद करायची. गावात विहिरी किती, मार्चनंतर कितींना पाणी असतं, खारफुटी कुठून कुठपर्यंत, जुनी झाडं, जुनी घरं कुठे, हे वहीत उतरवून मोबाईलने फोटो काढून ठेवावेत. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती कुणीतरी कुठेतरी बसून भरलेली असते. ती बाहेर काढून तपासणं हे महिनाभराचं काम आहे, पण पुढे कोर्टातही उपयोगी पडेल असं.

५. हरकत लिहायची. एक पान पुरे. वर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख. मग आपलं नाव, गाव, सर्व्हे किंवा गट नंबर. मग कुठल्या कलमाला किंवा नकाशातल्या कुठल्या भागाला हरकत आहे ते. मग कारण, पुराव्यासह. शेवटी सर्वात महत्त्वाचं, त्याऐवजी काय हवं ते. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेली हजार पत्रं एका ओळीत निकाली निघतात. 'गट नंबर अमुकमधून जाणारा रस्ता ओढ्याच्या पलीकडून न्या, कारण इथे गावची पाण्याची विहीर आहे' अशा पत्राला उत्तर द्यावं लागतं. सुनावणीला बोलावतील का, असा प्रश्न पडला तर पत्रातच लिहावं, 'मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी द्यावी.'

६. पोच जपायची. आवक शिक्का नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र. ईमेल केला तर त्याची छपाई करून ठेवावी.

कुठे चुकतं?

पहिली चूक सगळं एकाच माणसावर टाकणं. तो नोकरीला पुण्याला गेला, लग्न झालं, की चळवळ बंद. कागद एका घरात, पासवर्ड एका मोबाईलमध्ये. चार जणांत काम वाटलेलं असावं, त्यात दोघी तरी मुली असाव्यात. पाणी कुठून आणावं लागतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याशिवाय पाण्याची मागणी लिहिता येत नाही.

दुसरी चूक म्हाताऱ्यांना बाजूला ठेवणं. जुनी पाऊलवाट, सामाईक पाणवठा, गुरचरण, देवराई हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं, नकाशात नसतं. त्यांचं सांगणं आणि पोरांचा मोबाईल एकत्र आला तर नकाशा पुरा होतो.

तिसरी चूक कुणाच्या तरी झेंड्याखाली पटकन जाणं. पक्ष बदलला की मागणीही बदलते. मागणी गावाची असली तर कुठल्याही पक्षाचा आमदार ती सभागृहात मांडू शकतो.

चौथी चूक आपल्याच माणसांचं ऐकून न घेणं. जमीन विकायची आहे असं म्हणणाराही गावातलाच असतो. त्याच्या मुलीचं लग्न असतं, दवाखान्याचं बिल असतं. त्याला गद्दार म्हटलं की तो गुपचूप विकतो. खोताच्या वाडीतलं प्रत्येक पाडलेलं घर कुठल्या तरी घरमालकाच्या सहीनेच पडलं. त्या सहीमागची अडचण वेळीच कुणी समजून घेतली असती, तर काही घरं राहिलीही असती.

शेवटी

६५ घरांच्या वाडीने एवढं दाखवून दिलं की कायदा असला, यादीत नाव असलं, तरी माणसं नसली तर घर राहत नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिलं की माणसं असली आणि त्यांनी कागद धरला, तर खोतीसुद्धा जाते, मग त्याला १२ वर्षं का लागेनात.

पुढची ग्रामसभा जवळच असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास बहुतेक गावांत ती होते. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन दोनच गोष्टी मागाव्यात. या वर्षीच्या गाव विकास आराखड्याची प्रत आणि मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त. दोन्ही बघायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. चार पोरांनी एका संध्याकाळी बसून ते वाचले, तर गावात काय ठरलंय आणि कुणी ठरवलंय हे कळायला लागेल. तिथून पुढचं काम आपोआप दिसतं.